व्हिसा सहाच महिन्यांचा आलाय, कोर्स दोन वर्षांचा. आता?

खारघरची_आई
नमस्कार. मुलीला जर्मनीत मास्टर्सला अ‍ॅडमिशन मिळाली, कोर्स दोन वर्षांचा. एपीएसचे (तिकडच्या शिक्षणासाठी आपली सर्टिफिकेटं तपासून देतात ते) १८,००० भरले, ब्लॉक्ड अकाउंटला (तिकडच्या खर्चाचे पैसे आधीच अडकवून ठेवायचं खातं) ११,९०४ युरो टाकले (एफडी मोडली, ह्यांचा चेहरा अजून सरळ झालेला नाही) आणि काल एकदाचा पासपोर्ट घरी आला. उघडून बघतो तर स्टिकरवर सहाच महिने! कन्सल्टंट पहिल्या दिवसापासून "दोन वर्षांचा लाँग टर्म व्हिसा" म्हणत होता, आता फोन केला तर "मॅडम तिकडे जाऊन होतं सगळं" एवढंच. चूक झालीये का? परत अर्ज करायचा का? सप्टेंबरअखेरचं तिकीट आहे, ऐन गणपतीत डोक्याला ताप.

कळव्याचा_पोरगा
काकू, काही चूक नाही, माझाही असाच आला होता. हा डी व्हिसा, म्हणजे लांब मुक्कामासाठीचा, त्यावर फक्त आत शिरायचं आणि पुढचे कागद करायचे. राहायचा परवाना तिकडे गेल्यावर मिळतो, आउसलेंडरबेहोर्डे म्हणजे परदेशी लोकांचं ऑफिस असतं ते देतं, आधार कार्डाएवढं प्लास्टिकचं कार्ड. ते विद्यार्थ्यांना एका वेळी सहसा दोन वर्षांपर्यंतचं देतात, कन्सल्टंटने बहुतेक तेच व्हिसा म्हणून खपवलं.

क्रम असा. खोलीत राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा, त्याला आन्मेल्डुंग म्हणतात, घरमालकाच्या सहीचा फॉर्म लागतो. सगळं ह्याच्यावर अडतं, टॅक्स नंबरपासून कार्डापर्यंत. मग कार्डाचा अर्ज, तो स्टिकर संपायच्या आत गेलाच पाहिजे. अपॉइंटमेंट नंतरची मिळाली तरी चालतं, फक्त अर्ज पोचल्याचा ईमेल जपून ठेवायला सांगा. मधल्या काळासाठी मागितला तर तात्पुरता कागद देतात. पण कार्ड हातात येईपर्यंत घरी यायचं तिकीट काढू नका, माझं ऐका.

आणि हे कुणी सांगत नाही. टपालपेटीवर नाव!! आपल्याकडे वॉचमन सांगतो "कदम ना, तिसरा मजला", तिकडे पोस्टमन पेटीवरचं नाव वाचतो आणि नाव नसेल तर पत्र सरळ परत. मी पहिले तीन आठवडे नाव लावलंच नव्हतं, अपॉइंटमेंटचं पत्र परत गेलं आणि मी आपला रोज रिकामी पेटी उघडून बघतोय. शेवटी शेजारच्या आजीने खुणेने दाखवलं, मग चिकटपट्टीवर पेनाने नाव लिहून लावलं.

घोडबंदर_पीडित
वरच्याला +१. आणखी एक, नावाचं बघा. आपल्या पासपोर्टवर गिव्हन नेममध्ये मुलीचं आणि वडिलांचं नाव एकत्र असतं, तिकडे दोन्ही मिळून तिचंच पहिलं नाव समजतात. माझ्या बहिणीला इन्शुरन्सची पत्रं बाबांच्या नावासकट यायची, घरी सगळे हसायचे. पण युनिव्हर्सिटी, इन्शुरन्स, ब्लॉक्ड अकाउंट सगळीकडे पासपोर्टसारखंच हवं, तिने एका ठिकाणी बाबांचं नाव गाळलं होतं तर खातं जोडायला पंधरा दिवस गेले.

पैशाचंही सांगतो, ब्लॉक्ड अकाउंटातून महिन्याला ९९२ युरो सुटतात, तेही तिथलं खातं उघडून जोडल्यावर. खोलीचं डिपॉझिट, कार्डाचे १०० युरोच्या आसपास, पहिल्या महिन्याचं किराणा, हे वेगळे द्या. लगेच पार्टटाइम करून भागेल असं धरू नका, वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस एवढीच मुभा आहे आणि सुरुवातीला काम मिळतंच असं नाही.

कोपरी_टू_मिलान
जर्मनी बरं म्हणायचं! आमच्या इटलीत पोचल्यापासून आठ कामाच्या दिवसांत अर्ज, तोही पोस्टात जाऊन, तिथून अर्जाचं एक किट घ्यायचं, वर १६ युरोचा स्टॅम्प. मी पोस्टात तिकीट मशिनचं चुकीचं बटण दाबून दीड तास बिल भरणाऱ्यांच्या रांगेत बसलो होतो.

खारघरची_आई
सगळ्यांचे खूप आभार, जीव भांड्यात पडला. फॉर्मचं वाचल्यावर मुलीने लगेच खोलीवाल्या मुलीला मेसेज केला. ती म्हणते मी स्वतःच भाडेकरू आहे, मालकाला सांगितलेलं नाही, सहीचा फॉर्म मिळणार नाही, पण भाडं कमी आहे. काय करावं?

कळव्याचा_पोरगा
काकू, ती खोली अजिबात घेऊ नका. आन्मेल्डुंग होणार नाही आणि मग पुढचं सगळं लटकेल. डिपॉझिट दिलं नाही ना अजून? विद्यार्थ्यांची हॉस्टेलं चालवणाऱ्या संस्थेला स्टुडेंटनव्हेर्क म्हणतात, तिथे आजच वेटिंगला नाव टाका, आणि दुसरी खोली बघताना पहिला प्रश्न हाच विचारायला सांगा, भाडं नंतर.

खारघरची_आई
नाही दिलं, उद्या देणार होतो. थांबवते.