पैशाच्या हिशेबात फ्लोट चालतो का?

करवीरचा कोडर:
करवीर तालुक्यातल्या एका दूध संस्थेचं संकलनाचं सॉफ्टवेअर मीच लिहिलंय, तेव्हा पहिली शिवी मलाच. काट्यावर 4.35 लिटर, पावतीवर 4.34. मावशींनी विचारलं, "माझं दहा मिली कुठं सांडलं?"

लिटर फ्लोटमध्ये ठेवत होतो, म्हणजे कॉम्प्युटर बायनरीत (0 आणि 1 मध्ये) साठवतो तसल्या अपूर्णांकात. त्याला 100 नं गुणून इंटिजर, म्हणजे पूर्णांक करत होतो. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत 4.35 * 100 म्हणजे 434.99999999999994. इंटिजर करताना पॉइंटमागचं सगळं उडालं, उरले 434. 4.25 आणि 4.50 वाल्यांची तक्रार कधीच नाही, कारण पाव आणि अर्धा बायनरीत नेमके बसतात. 0.35 बसत नाही. एक तृतीयांश दशांशात लिहायला गेलं की 0.333 संपतच नाही ना, तसंच. माझं म्हणणं: जिथं पैसा आणि माप, तिथं फ्लोटला बंदी. इंटिजर वापरा, नाहीतर डेसिमल, म्हणजे दशांशातले अंक जसेच्या तसे ठेवणारा प्रकार.

उद्यमनगरी:
भावा, चूक तुझी आणि शिक्षा फ्लोटला? राउंड करायच्या जागी तू तुकडा पाडलास. राउंड केलं असतंस तर 435 च आले असते. डबलमध्ये, म्हणजे नेहमीच्या 64 बिटांच्या फ्लोटमध्ये, 15 अंक भरवशाचे मिळतात. तू फॅट मोजतोस एका दशांशापर्यंत. आम्ही इथं वर्कशॉपात मायक्रॉनवर भांडतो, तरी डबल पुरतो.

करवीरचा कोडर:
मग पायथनमध्ये 2.675 दोन दशांशांपर्यंत राउंड करून बघ. 2.68 नाही, 2.67 येतं. आत 2.67499999… असं काहीतरी बसलेलं असतं. मावशींना काय सांगू, फ्लोटचं 1985 चं मानक, आयईईई 754, वाचा म्हणून?

हुपरीकर:
दोघंही भलतीकडंच भांडताय. 4.35 लिटर, दर 38.45. कागदावर गुणा: 167.2575. म्हणजे 167 रुपये 25 पैसे, वर पाऊण पैसा. इंटिजर घ्या नाहीतर डेसिमल, हा पाऊण पैसा टाकणार कुठं? पावतीला राउंड केलं तर 167.26. दहा दिवसांच्या वीस पाळ्या रोज एवढंच दूध घातलं, तर बिल 3345.20. राउंड शेवटी बिलाला केलं तर 3345.15. पाच पैशांचा फरक पडला, आणि यात फ्लोट कुठंच नाही. आमच्या चांदीत घट कुठं धरायची ते आधी ठरतं, मग वजन.

उद्यमनगरी:
मी तेच म्हणत होतो.

करवीरचा कोडर:
तू ते म्हणत नव्हतास. असो. कॉलम डेसिमल करतोय, त्यावर माघार नाही. हुपरीकर, तुमचा प्रश्न घेऊन सचिवांकडं गेलो. राउंड पावतीला करायचं की बिलाला? ते म्हणाले, "आजवर जसं चाललंय तसंच ठेवा." घरी येऊन कोड उघडला. पावतीला राउंड, आणि बिल करताना परत मूळ लिटर गुणिले दर.

हुपरीकर:
म्हणजे पावत्यांची बेरीज आणि बिल जुळतच नसणार. मावशींनी अजून बेरीज केली नाही वाटतं?