सहा वर्षांच्या मुलीला संडासला एकटीने जाता यावं म्हणून मदत हवी आहे

माझी मुलगी सहा वर्षांची आहे. तिला सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर परिणाम होतो ती अवस्था) आहे, त्यातला स्पास्टिक डायप्लेजिया हा प्रकार. दोन्ही पाय ताठर आहेत, डावा हात जरासा कमजोर आहे, समज आणि बोलणं चोख आहे. एएफओ स्प्लिंट (घोट्याला आणि पावलाला आधार देणारी पट्टी) घालून रिव्हर्स वॉकर (मागच्या बाजूने आधार देणारा वॉकर) घेऊन घरभर फिरते. येत्या जूनमध्ये पहिलीत जाईल. शी-शू लागल्याचं तिला नीट कळतं, वेळेवर सांगतेही. हल्ली मात्र "आई, तू दाराबाहेर थांब" म्हणायला लागली आहे. तिला हे हवंसं वाटतंय यातच मला सगळं आलं, आणि ते तिला मिळावं म्हणून विचारते आहे.

आधी जमलंय ते सांगते, कुणाच्या तरी कामाला येईल. कमोडवर लहान मुलांची सीट बसवली आणि पायाखाली जेवायचा जुना लाकडी पाट दिला, त्याला खालून रबर मारून. पाय लोंबकळत राहिले की तिला पडायची भीती वाटते, भीती वाटली की पाय आणखी ताठ होतात, गुडघे एकमेकांवर चढतात, आणि मग शी होतच नाही. तळवे टेकले, गुडघे कमरेपेक्षा किंचित वर आले आणि गुडघ्यांमध्ये गुंडाळलेला टॉवेल ठेवला की अंग सैल पडतं. या मुलांना बद्धकोष्ठतेचा त्रास फार असतो, त्यामुळे बसण्याची ही पद्धत नुसती सोयीची गोष्ट नाही. रात्रीच्या जेवणानंतर थोड्या वेळाने बसवायचं ठरवून टाकलंय, त्या वेळी पोट आपोआप हलतं.

आता अडतंय ते चड्डीपाशी. वॉकर सोडून दोन्ही हात कमरेला नेले की तोल जातो. चड्डीच्या इलॅस्टिकला दोन्ही बाजूंनी नाडीचे फास शिवून दिलेत. भिंतीला छाती टेकवून उभी राहते, फासात अंगठे घालते आणि चड्डी गुडघ्यापर्यंत ओढते. खाली ओढणं होतं, वर घेणं होत नाही. मागची बाजू कमरेखाली अडकून बसते आणि तिच्या डोळ्यांत पाणी येतं. तुमच्या मुलांनी हे कसं साधलं? बसल्या बसल्या एकेका कुशीवर कलून वर घ्यायची, की उभं राहूनच?

दुसरं, धुणं. टमरेल तिला पेलत नाही. जेट स्प्रेचा खटका कडक आहे, उजव्या हाताने दाबेपर्यंत ती डावीकडे झुकते. कमोडच्या आतून पाणी येणारी, बाजूला फिरवायची तोटी असते, ती कुणी बसवली आहे का? लहान मुलाच्या बसण्याच्या जागी तिची धार नीट येते का?

फिजिओ धरायला दांडी लावा म्हणतात. घर भाड्याचं आहे, घरमालक टाइल्सना भोकं पाडू देत नाहीत. व्हॅक्यूमने चिकटणाऱ्या दांड्या मिळतात, पण त्यांच्यावर अंगाचा भार टाकायचा नसतो, म्हणून मी त्या आणणार नाही. कमोडभोवती उभी करायची लोखंडी चौकट लहान मापात मिळते का, की वेल्डरकडून करून घ्यावी? करून घेतली असेल तर उंची-रुंदी नक्की लिहा.

सर्वांत अवघड गोष्ट शाळेची. तिथे रॅम्प आहे, कमोडचा संडासही आहे, पण त्याला कुलूप असतं आणि आत मोडकी बाकं रचलेली. बाकीचे संडास इंडियन. "तुम्हीच मधल्या सुट्टीत येत जा" असं मला सांगितलं. मी जाईनही, पण मुलगी आत्तापासूनच "शाळेत पाणी पिणारच नाही" म्हणते. पाणी तोडलं की बद्धकोष्ठता वाढणार आणि लघवीला जंतुसंसर्गाची भीती. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या कलम 16 नुसार मान्यताप्राप्त शाळेने इमारत आणि सोयी अशा मुलांना वापरता येतील अशा ठेवायला हव्यात. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज देणार आहे. भांडण नको, काम व्हायला हवं. असा अर्ज कुणी दिला असेल तर मजकूर इथे टाकाल का?

अपडेट : प्रतिसादांत विचारलं म्हणून. होय, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढलंय. स्प्लिंट संडासला जाताना काढत नाही, ती काढली तर उभीच राहता येत नाही. आणि ज्या ताईंनी डायपरच लावून पाठवा असं सुचवलं, त्यांची कळकळ कळते, प्रवासात आम्हीही लावतो. पण जिला सगळं कळतं तिला रोज डायपरमध्ये करायला लावणं मला पटत नाही. वेल्क्रोची चड्डी कुणी शिवून घेतली असेल तर वेल्क्रो पुढे लावलं की बाजूंना, तेवढं सांगा. शिंपीणबाईंकडे रविवारी जाणार आहे.