पॉइंट्स आज रात्री संपतायत

सी २०३: नमस्कार मंडळी. या महिन्याचं मेंटेनन्स ॲपवरून क्रेडिट कार्डने भरलं. काल स्टेटमेंट आलं, त्या व्यवहाराचे रिवॉर्ड पॉइंट्स शून्य. वर ॲपने सुविधा शुल्क घेतलं ते वेगळंच. ॲपवाले म्हणतात बँकेला विचारा, बँकवाले म्हणतात ॲपला विचारा. आणखी कुणाचं असं झालंय का?

खजिनदार काका: सोसायटीच्या खात्यात तुमची रक्कम पूर्ण जमा आहे, पावती मेलवर पाठवली आहे. ते शुल्क सोसायटीकडे येत नाही.

डी ६०१: दादा, हा सगळा कोडचा खेळ आहे. कार्ड घेणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याला एक चार आकडी कोड असतो, त्याला एमसीसी म्हणतात. किराणा ५४११, रेस्टॉरंट ५८१२, पेट्रोल पंप ५५४१, वीज-पाणी ४९००, भाडं आणि मालमत्तेचं व्यवस्थापन ६५१३, वॉलेटमध्ये पैसे भरणं ६५४०. पॉइंट द्यायचा की नाही हे बँकेचं सॉफ्टवेअर या कोडवरून ठरवतं. तुम्ही नेमकं कशाचे पैसे भरलेत ते त्याला कळत नाही. मेंटेनन्स ६५१३ मध्ये गेलं असेल, तर बऱ्याच कार्डांवर त्याला पॉइंट नसतात. भाडं, वॉलेट, इंधन ही नेहमीची वगळलेली मंडळी.

सी २०३: मग आधी कळायचं कसं?

डी ६०१: कार्डाच्या अटींमध्ये 'वगळलेले व्यवहार' असा एक परिच्छेद असतो, तो एकदा वाचून ठेवा. आणि नवीन ठिकाणी आधी छोटी रक्कम भरून बघा. मात्र लगेच पॉइंट शोधू नका. व्यवहार मंजूर होतो तेव्हा नाही, पैसे व्यापाऱ्याकडे प्रत्यक्ष पोचते झाले की पॉइंट धरले जातात, त्याला काही दिवस जातात. रिफंड आला तर दिलेले पॉइंट परत काढून घेतात, तेव्हाही लोक घाबरतात.

ई ५०२ आजोबा: एक सांग मुली, हे पॉइंट देतं कोण? बँक काही पदरमोड करणार नाही.

डी ६०१: बरोबर आजोबा. प्रत्येक व्यवहारात दुकानदाराला मिळणाऱ्या पैशातून काही टक्के कापले जातात. त्यातला एक हिस्सा कार्ड देणाऱ्या बँकेला मिळतो, त्याला इंटरचेंज म्हणतात. पॉइंट्सचा पैसा मुख्यतः तिथला. युरोपीय संघाने २०१५ मध्ये नियम करून क्रेडिट कार्डावरचा हा हिस्सा ०.३ टक्क्यांवर बांधून टाकला. तिथे बँकांना पॉइंट्स वाटायला मग फारसं काही उरत नाही. दुसरा पैसा येतो तो वेळेवर पूर्ण बिल न भरणाऱ्यांच्या व्याजातून.

खजिनदार काका: आणि ते व्याज वर्षाला २० टक्क्यांच्या पुढे असतं, काही ठिकाणी त्याच्या दुप्पट. किमान रक्कम भरून पॉइंट गोळा करणारा माणूस तोट्यातच जातो.

डी ६०१: अगदी. दादा, तुमचाही हिशेब करून बघा. १०० रुपये खर्चामागे १ पॉइंट आणि एका पॉइंटला पाव रुपया मिळत असेल, तर परतावा ०.२५ टक्के. ॲपचं शुल्क १ टक्का असेल तर पॉइंट मिळूनसुद्धा चौपट गेले.

सी २०३: हे कधी असं मांडून बघितलंच नव्हतं. धन्यवाद ताई.

बी ३०२ काकू: मी लिहू की नको असं दोन दिवस चाललंय माझं. पॉइंट्सचा विषय निघालाच आहे तर लिहितेच. माझ्या कार्डावरून पैसे गेलेत.

सेक्रेटरी: अरे बापरे. काकू, कधी? कार्ड बंद केलंत ना?

बी ३०२ काकू: कार्ड बंद केलं. परवा दुपारची गोष्ट. मेसेज आला, 'तुमचे रिवॉर्ड पॉइंट्स आज रात्री १२ वाजता संपत आहेत, रोख रकमेत बदलण्यासाठी इथे क्लिक करा.' बँकेचे मेसेज ज्या ओळीत येतात ना, त्याच ओळीत आला. वरती माझ्या बिलाचा खरा मेसेज, खाली हा. त्यामुळे शंका यायचं कारणच नव्हतं. लिंक उघडली, बँकेच्या पानासारखंच पान. कार्ड नंबर, मुदत, मागचे तीन आकडे, सगळं भरलं.

अर्ध्या तासाने फोन. बाई फार चांगलं बोलत होती. म्हणाली, मी बँकेच्या फ्रॉड विभागातून बोलतेय, तुमच्या कार्डावर कुणीतरी खरेदी करतंय, थांबवायची असेल तर आत्ता आलेला कोड सांगा. माझा कार्ड नंबर तिने सबंध वाचून दाखवला. मी घाबरले आणि कोड सांगितला. लगेच बँकेचा मेसेज आला, 'हा व्यवहार तुम्ही करत आहात का? हो किंवा नाही कळवा.' ती म्हणाली, 'हो' पाठवा, म्हणजे तुमची ओळख पटेल. मी 'हो' पाठवलं.

ई ५०२ आजोबा: काय म्हणावं या लोकांना.

बी ३०२ काकू: दुसरा कोड आला तेव्हा चष्मा लावला आणि मेसेज पूर्ण उघडला. आधी वरच्या पट्टीत फक्त सहा आकडे दिसत होते, मी तेवढेच वाचत होते. आतमध्ये रक्कम होती, कुठल्याशा दुकानाचं नाव होतं आणि खाली 'हा कोड कुणालाही सांगू नका' असंही लिहिलेलं. फोन ठेवला आणि कार्डाच्या मागच्या नंबरवर लावला. दुसरा व्यवहार झाला नाही. पहिला झाला.

डी ६०१: काकू, आधी एक ऐका. यात लाज वाटून घेऊ नका. मी बँकेत फसवणुकीच्या तक्रारींचंच काम करते, रोज असे फोन घेते, शिकलेली, सवरलेली, हिशेबात पक्की माणसं फसतात. आणि दुसरा कोड तुम्ही दिला नाहीत, मधेच फोन ठेवलात, हे फार कमी लोकांना जमतं. समोरून सतत बोलत राहतात ते त्यासाठीच, तुम्हाला मेसेज वाचायला उसंत मिळू नये म्हणून.

आता जे झालं ते सगळ्यांसाठी उलगडून सांगते.

मेसेज बँकेच्या ओळीत कसा आला? पाठवणाऱ्याचं नाव खोटं लावता येतं, आणि फोन एका नावाचे सगळे मेसेज एकाखाली एक लावतो. त्यामुळे खऱ्याच्या खाली आलेला मेसेज खरा असेलच असं नाही.

कार्ड नंबर तिला कसा माहीत? काकूंनीच तो अर्ध्या तासापूर्वी त्या पानावर भरला होता. पॉइंट्सचा मेसेज आणि फ्रॉड विभागाचा फोन, दोन्ही एकाच टोळीचे. पहिल्यात कार्ड मिळतं, दुसऱ्यात कोड.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे तो 'हो'. बँकेच्या यंत्रणेने व्यवहार बरोबर पकडला होता. नेहमीपेक्षा मोठी रक्कम, आधी कधी न वापरलेलं दुकान, वेगळं उपकरण, म्हणून तिने काकूंना विचारलं. तो इशारा खरा होता. त्याला 'नाही' गेलं असतं तर व्यवहार तिथेच थांबला असता. फसवणारे आता या इशाऱ्याची वाटच बघत असतात आणि त्याचं उत्तर तुमच्याकडून देववतात.

ई ५०२ आजोबा: मला मागे असाच फोन आला होता. त्याने बँकेचं नाव, कार्डाचा प्रकार आणि पहिले आठ आकडे बिनचूक सांगितले. मी कुठल्याही पानावर काही भरलं नव्हतं.

डी ६०१: पहिले आकडे सांगणं अवघड नाही आजोबा. कार्डाचे पहिले ६ आकडे, नव्या पद्धतीत ८, बँकेची आणि कार्डाच्या प्रकाराची ओळख असतात, त्या बँकेच्या तशा असंख्य कार्डांवर तेच. शेवटचा आकडा पडताळणीचा. आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांनी काढलेल्या पद्धतीने तो बाकीच्या आकड्यांवरून येतो, तिचं पेटंट १९६० चं आहे. म्हणजे १६ मधले खरे गुपित आकडे उरले ७, एकूण १ कोटी शक्यता. संगणकाला ते फार नाही. कुठला नंबर चालतो हे बघायला ते अगदी किरकोळ रकमेचे व्यवहार टाकून पाहतात. म्हणून स्टेटमेंटमध्ये अनोळखी चिल्लर रक्कम दिसली तर सोडून देऊ नका, मोठ्या व्यवहाराआधीची ती चाचणी असू शकते.

सी २०३: ताई, माझं उलट झालं होतं. मी स्वतः तिकीट काढत होतो, कार्ड अडलं आणि इशारा आला. तो खोटा समजून मी उडवला, मग दिवसभर कार्ड बंद.

डी ६०१: तेही होतं. खऱ्याला खोटं समजलं तरी नुकसान, खोट्याला खरं समजलं तरी नुकसान. मेसेजच्या तोंडावरून ओळखायच्या भानगडीत मीसुद्धा पडत नाही. माझी एकच रीत आहे. फोन आला की ठेवायचा, लिंकला हात लावायचा नाही, बँकेचं ॲप आपल्या हाताने उघडायचं किंवा कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर आपण फोन लावायचा. इशारा खरा असेल तर त्यांना तो तिथे दिसतोच. नंबर इंटरनेटवर शोधू नका, खोटे ग्राहक सेवा नंबर तिथे वरच दिसतात. व्यवहार थांबवायला ओटीपी लागत नाही. तो नेहमी काहीतरी करण्यासाठी असतो.

सेक्रेटरी: शेवटचं वाक्य मी वर पिन करतोय.

डी ६०१: करा. काकू, आता तुमच्यासाठी. तक्रार लेखी दिलीत का? फोनवरची पुरेशी नाही. व्यवहाराची हरकत नोंदवून तिचा क्रमांक घ्या. कोड तुम्ही दिला होता हे लपवू नका, बँकेने पाठवलेले मेसेज आणि तुमचं 'हो' त्यांना दिसतंच. पैसे मिळतीलच असं मी सांगणार नाही, पण व्यापाऱ्याने माल अजून पाठवला नसेल तर अडवता येतो, म्हणून आजचा दिवस महत्त्वाचा.

बी ३०२ काकू: फक्त फोनवर सांगितलंय ग. लेखी काही नाही. आणि पॉइंट्स बघितले आत्ता, तेही शून्य झालेत. गिफ्ट व्हाउचर काढलीत कुणीतरी.

डी ६०१: म्हणजे त्या पानावर तुम्ही पासवर्डही टाकला होता का?

बी ३०२ काकू: हो, सगळ्यात आधी लॉगिनच होतं.

डी ६०१: मग आधी पासवर्ड बदला, आत्ताच, बाकी नंतर. तोच पासवर्ड मेलला असेल तर तिथलाही. खात्यातला मोबाइल नंबर आणि मेल तुमचाच आहे ना तेही बघा. पॉइंट्स लोकांना पैसे वाटत नाहीत, पण चोराला ते पैसेच असतात, आणि कित्येक ठिकाणी ते काढताना ओटीपीसुद्धा लागत नाही. तक्रारीत व्हाउचरही लिहायची, वापरली नसतील तर रद्द होऊ शकतात.

आणखी एक. नवीन कार्ड आल्यावर जुन्या कार्डावरची मासिक वर्गणी काही व्यापाऱ्यांकडे आपोआप नव्या नंबरवर सरकते, तशी सोय व्हिसा, मास्टरकार्डसारख्या कार्ड नेटवर्कमध्येच असते. चोराने तुमच्या कार्डावर एखादी वर्गणी सुरू केली असेल तर तीही सरकेल. म्हणून बँकेला स्पष्ट सांगा की जुन्या कार्डावरच्या सगळ्या वर्गण्या तोडा. नव्या कार्डावर परदेशी व्यवहार बंद ठेवा आणि ऑनलाइनची मर्यादा खाली आणा. लागेल तेव्हा वाढवता येते.

बी ३०२ काकू: पासवर्ड बदलला. मेलचाही तोच होता, तोही बदलला. ते मेसेज डिलीट करू का? बघितले की छातीत धडधडतं.

डी ६०१: नका करू, पुरावा आहे तो. स्क्रीनशॉट मला पाठवा, पण नव्या कार्डाचा फोटो कुणालाही पाठवू नका, मलासुद्धा नाही. मी साडेसातला येते, आपण दोघी बसून तक्रार लिहू.

बी ३०२ काकू: ये ग. मुलाला अजून सांगितलेलं नाही, तू आलीस की सांगते.

खजिनदार काका: एक सूचना. मेंटेनन्ससाठी सोसायटीचा खाते क्रमांक तळमजल्याच्या फलकावर लावला आहे. 'खातं बदललं आहे, या नंबरवर भरा' असा मेसेज माझ्या नावाने आला तरी भरू नका. आधी फलक बघा किंवा दार वाजवा.

सी २०३: काका, या महिन्यापासून थेट खात्यातच भरतो. आणि काकू, नवीन कार्डाचं कुरिअर आलं तर ते गेटवर ठेवून घेऊ नये, तुमच्याच हातात द्यावं, असं वॉचमनना आत्ताच सांगून आलोय.