विषय: ताईंची आठवण, आणि त्यांचं पुढे चालवायचं काम

सप्रेम नमस्कार मंडळी,

ताई गेल्याचं सगळ्यांना कळलंच आहे. शोकसभेची वेळ कार्यकारिणी कळवेल. मला लिहायचंय ते थोडं वेगळं.

मंडळाच्या कार्यक्रमांना ताई क्वचितच यायच्या, त्यामुळे कित्येकांना त्या तुटक वाटल्या. पण ताईंची किडनी बदललेली होती, आणि किडनी बदलल्यावर शरीराने ती परकी म्हणून नाकारू नये यासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं कायम घ्यावी लागतात. मग गर्दीतला साधा खोकलाही महागात पडतो. त्याच ताई मास्क लावून डायलिसिसला बसलेल्या अनोळखी माणसाशेजारी तासन्‌तास बसायच्या.

आमच्या ह्यांचं ट्रान्सप्लांट झालं तेव्हा हॉस्पिटलमध्ये सगळं समजावून सांगितलं होतं. पण घरी आल्यावर गोळ्यांचा तो ढीग बघून आम्ही दोघंही भांबावलो. ताई आल्या आणि एका कागदावर वेळा लिहून दिल्या. टॅक्रोलिमस, म्हणजे ती प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी, दर बारा तासांनी. तपासणीच्या दिवशी मात्र सकाळची गोळी रक्त दिल्यानंतरच, नाहीतर रिपोर्टमधला रक्तातल्या औषधाचा आकडा खोटा येतो. लिहिताना त्यांचा हात कापत होता. म्हणाल्या, "या गोळीनेच कापतो. तुमचाही कापेल कदाचित. घाबरू नका, पण डॉक्टरांच्या कानावर घाला." तो कागद अजून फ्रिजवर आहे.

ह्यांना खरा त्रास झाला तो वेगळ्याच गोष्टीचा. कुणाच्या तरी घरी आकांत चालला असेल तेव्हा आपल्याला किडनी मिळाल्याचा फोन आला, हे त्यांना सहन होईना. आम्ही घरचे "आता पुढचं बघा" म्हणत राहिलो. ताईंनी तसं एकदाही म्हटलं नाही. त्यांनी ह्यांना दात्याच्या घरच्यांना पत्र लिहायला बसवलं. नाव-गाव न घालता, ट्रान्सप्लांटच्या कोऑर्डिनेटरमार्फत जातं तसं. पहिले काही कागद फाडले गेले, ताई शेजारी गप्प बसून होत्या. पत्र गेल्यावर ह्यांना नीट झोप लागायला लागली. उत्तर आलं नाही, आणि ते येईलच असं ताईंनी कबूलही केलं नव्हतं.

---

काकू, तुमची मेल वाचून राहवलं नाही.

मी अजून किडनीसाठी थांबलेल्यांच्या यादीवर आहे. डायलिसिससाठी हातातली धमनी आणि शीर जोडून फिस्टुला केला तेव्हा मला त्या हाताकडे बघवत नव्हतं. ताईंनी स्वतःची बाही वर केली आणि माझी बोटं त्यांच्या जुन्या फिस्टुलावर ठेवली. आत मांजर गुरगुरावं तशी थरथर. "रोज सकाळी असं बघायचं. थरथर लागली नाही तर उद्याची वाट बघायची नाही, लगेच फोन करायचा. आणि या हाताला बीपीचा पट्टा लावू द्यायचा नाही, सुई टोचू द्यायची नाही. नर्स नवी असेल तर तू सांगायचंस." माझ्या हातावर प्रेमाने बोट ठेवणारं ते पहिलं माणूस.

त्यांनी मला खोटी आशा कधी दाखवली नाही. बदललेली किडनीही कायमची नसते, त्यांची पहिली बंद पडली होती, हे त्यांनीच सांगितलं. तरी त्यांच्याशी बोलल्यावर हलकं वाटायचं.

---

नमस्कार,

कार्यकारिणीतर्फे दोन गोष्टी.

हार-फुलांऐवजी शोकसभेत अवयवदानाच्या नोंदणीसाठी टेबल ठेवतोय. आपल्या लोकांत बी रक्तगट युरोपियन लोकांपेक्षा बराच जास्त आढळतो. इथे परदेशात दात्यांत तो कमी, त्यामुळे आपल्या माणसांना जास्त थांबावं लागतं. ताई हे प्रत्येक सभेत तळमळीने सांगायच्या आणि आपण माना डोलवायचो. कृपया या वेळी नोंदणी करा, आणि घरी बोलूनही ठेवा, कारण वेळ आली की डॉक्टर घरच्यांनाच विचारतात.

दुसरं, ताईंच्या फोनवर येणारी माणसं आता कुणाशी बोलणार? स्वतः यातून गेलेले किंवा घरात हे पाहिलेले दोघं-तिघं हवेत. ताईंचा नियम तोच राहील: ऐकून घ्यायचं, आपला अनुभव सांगायचा, औषध कमी-जास्त करण्याचा प्रश्न आला की त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवायचं.

---

माझं नाव लिहा. मंगळवार, गुरुवार, शनिवार मी डायलिसिसला असतो. बाकीचे दिवस मला द्या.

---

आमचं दोघांचंही लिहा. मंगळवार आणि गुरुवार आम्ही घेतो. शनिवारी अजून कुणीतरी लागेल.