उंच मुलगी म्हणजे विहीर? जरा थांबा!

बेंचवरची

परवाच्या अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलच्या धाग्यावर ‘मक्याचं कणीस’ यांनी एक वाक्य टाकलं आणि अकरा जणांनी त्याला अंगठे दिले. वाक्य असं: “मुलींच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये पोस्टमधली उंच मुलगी म्हणजे विहीर. बॉल आत पडला की गेला. पास हा प्रकार त्यांना शिकवतच नाहीत.” (पोस्ट म्हणजे रिंगजवळची जागा.) तिथेच उत्तर लिहायला घेतलं, पण ते मारुतीच्या शेपटासारखं वाढत गेलं. म्हणून हा वेगळा धागा.

कणीसराव, तुम्ही २०१४ची फायनल बघितली होती का? यूकॉन (कनेटिकट विद्यापीठ) विरुद्ध नोत्र दाम, दोन्ही संघ तोवर अपराजित. यूकॉनची स्टेफनी डॉलसन, सहा फूट पाच इंच, चांगली भरभक्कम सेंटर. १७ पॉइंट, १६ रिबाउंड (चुकलेल्या शॉटचे पकडलेले बॉल) आणि ७ असिस्ट (बास्केट करून देणारे पास). सात! विहिरीतून सात पोहरे भरून बाहेर आले, ते तुम्हाला दिसले नाहीत? त्याच संघातली ब्रियाना स्ट्यूअर्ट कॉलेज संपवून गेली तेव्हा तिच्या नावावर ४०० हून जास्त ब्लॉक (अडवलेले शॉट) होते आणि ४०० हून जास्त असिस्टही.

आणि समोरच्या नोत्र दामचं काय झालं तेही सांगते. त्यांची नॅटली अचोन्वा हाय पोस्टवर (रिंगपासून जरा लांब, फ्री-थ्रो रेषेजवळ) उभी राहून कट मारणाऱ्या, म्हणजे रिंगकडे धावणाऱ्या मुलींना पास द्यायची. एलिट एटमध्ये (शेवटच्या आठ संघांच्या फेरीत) तिचा गुडघा गेला. फायनलला ती बाकावर. निकाल ७९-५८, यूकॉनच्या बाजूने.

मुळात पोस्टमधून पास देणं किती अवघड आहे हे रिंगकडे पाठ करून उभं राहिल्याशिवाय कळत नाही. बॉल हातात आला की पाठीला एकीची कोपरं लागलेली असतात. दुसरी कुठून येणार हे दिसत नाही, नुसती बुटांची करकर ऐकू येते. बॉल कमरेशी आणलात तर छोटी गार्ड (एरवी बाहेरून बॉल खेळवणारी) खालून थाप मारून नेते, म्हणून तो हनुवटीखाली धरायचा, कोपरं बाहेर. मग बेसलाइनकडच्या खांद्यावरून एकदा बघायचं. दुसरी डिफेंडर धावत आली म्हणजे कोणीतरी मोकळं सुटलंय, पण कोण, ते शोधायला फार तर एक सेकंद. तेवढ्यात समोरच्या कोपऱ्यातली दिसली तर दिसली. नाही दिसली तर लोक म्हणणार, विहीर.

पाव_किलो

धागा वाचनखूण म्हणून साठवला. दाणे भाजायला ठेवलेत.

मक्याचं कणीस

मॅडम, कनेटिकटात राहून यूकॉनची उदाहरणं देणं म्हणजे कोल्हापुरात राहून तांबडा रस्सा कसा चांगला ते सांगणं. ज्या कॉलेजात देशातल्या सगळ्यात चांगल्या मुली जातात तिथली सेंटर पास देतेच हो. मी बोलतोय ते उरलेल्या साडेतीनशे कॉलेजांबद्दल. मंगळवारी रात्री अर्ध्या रिकाम्या हॉलमधल्या मॅच बघा. बॉल आत जातो, मुलगी दोनदा ड्रिबल करते, तीन जणी तिच्यावर, ती तरीही मारते. कोपऱ्यात मोकळी उभी असलेली हात वर करून करून दमते. हे मी डोळ्यांनी बघतो, दर आठवड्याला.

स्ट्यूअर्टला पोस्ट कधीपासून म्हणायला लागलो आपण? ती थ्री (लांबून तीन पॉइंटचा शॉट) मारायची, बॉल घेऊन पुढे यायची. जी पास देते ती ‘ऑलराउंड’, जी देत नाही ती ‘पोस्ट’, अशी सोयीची व्याख्या मीही करू शकतो.

आणि तुमचीच फायनल घ्या. रिबाउंड ५४-३१. यूकॉन जिंकलं ते रिबाउंडवर. सात असिस्ट म्हणजे पानावरची चटणी.

बेंचवरची

सेंटरचे सात असिस्ट चटणी, आणि तुमच्या गार्डचे सात असले की पुरणपोळी. बरं.

खडूस काका

दोघांचंही चुकतंय.

मी पुण्यात बरीच वर्षं जिल्हा पातळीवर पंचगिरी केली. आता अमेरिकेतल्या मॅच पहाटे उठून बघतो, बायको म्हणते डोकं फिरलंय. माझं निरीक्षण असं की प्रश्न आतून बाहेर येणाऱ्या पासचा नाहीच, बाहेरून आत जाणाऱ्या पासचा आहे. आजच्या गार्डना एन्ट्री पास येत नाही! पोस्टमधली बिचारी डिफेंडरला पाठीवर घेऊन उभी असते, ज्या हातात बॉल हवा तो हात उघडून दाखवत असते. गार्ड काय करते? ३० सेकंदांतले १५ सेकंद पायांमधून ड्रिबल करते, मग जागेवरून हलतही नाही आणि डोक्यावरून एक फुगा सोडते. अहो, एक पाऊल बाजूला टाका, कोन बदला, डिफेंडरच्या पायाजवळून बाउन्स द्या, लांबच्या हातात! बॉल वेळेवर आला तर डबल टीम (दोघींचा घेराव) यायच्या आत पोस्टमधली वळलेली असते. उशिरा आला तर ती तिघींत अडकणारच. आणि मग टर्नओव्हर (बॉल गमावल्याची नोंद) तिच्या नावावर.

कोच टॅरा व्हॅन्डर्व्हीर बाईंनी स्टॅनफर्डला ट्रँगल (तिघींच्या त्रिकोणातून पास फिरवायची पद्धत) खेळवलं. त्यात पोस्टमधलीला पास येत नसेल तर अख्खा अटॅक बंद पडतो. १२१६ मॅच जिंकून बाई २०२४मध्ये निवृत्त झाल्या. शिकवतच नाहीत म्हणे!

मक्याचं कणीस

काका, पुन्हा स्टॅनफर्ड. अजून एक श्रीमंत घर.

एन्ट्री पासचं मात्र पटलं, कारण आमच्या आयोवात गार्ड कॅटलिन क्लार्क होती. सेंटर मोनिका सिनानोला ती असे पास द्यायची की मोनिकाला फक्त वळून बॉल ठेवायचा असायचा. दहातले सहा-सात शॉट आत. मोनिका फारसा पास द्यायची नाही आणि आमची काहीही तक्रार नव्हती.

पाव_किलो

म्हणजे स्वतःच्या अंगणातली विहीर चालते. पाणी गोड आहे.

मिनेसोटाची थंडी

मी बास्केटबॉलमधली तज्ज्ञ नाही, पण या विषयावर माझं रक्त उकळतं म्हणून लिहिते आहे.

माझी लेक चौदा वर्षांची, सहा फूट. नववीपर्यंत ती पॉइंट गार्ड खेळायची, कारण तेव्हा ती सगळ्यांएवढीच होती. एका उन्हाळ्यात चार इंच वाढली. नव्या क्लबच्या कोचने पहिल्या दिवशी तिला बघितलं, नावसुद्धा विचारलं नाही, आणि म्हणाला, “यू, अंडर द बास्केट.” आता प्रॅक्टिसला गार्ड मुली एका टोकाला पासिंगचे ड्रिल करतात आणि माझी लेक दुसऱ्या टोकाला एका असिस्टंटशी धक्काबुक्की. तो एक फोमची ढाल घेऊन तिला ढकलतो आणि ती मारते. तासभर. पास एकही नाही. चार वर्षांनी ही मुलगी कॉलेजात जाईल आणि कोणीतरी लिहील, “हिला पास येत नाही.” कुठून येणार? आभाळातून?

बेंचवरची

थंडीताई, अगदी अगदी! माझी नागपूरची गोष्ट ऐका. १९९८, कॉलेजचं सिमेंटचं कोर्ट, एका बाजूची रिंग वाकलेली. उंची पाच दहा, म्हणजे आमच्यात मी ताडच. बॉल सात नंबरचा, मुलांचाच, उन्हात तापून गुळगुळीत झालेला. सरांचा एकच मंत्र, “हात वर ठेव, डीमध्ये (रिंगखालच्या चौकटीत) उभी राहा, आला की मार.” एकदा मॅचमध्ये दोघी अंगावर आल्या, मी न बघता मागे बॉल टाकला आणि आमच्या छोट्या फॉरवर्डने सहज ले-अप मारला. मला वाटलं आता शाबासकी. सरांनी तिथल्या तिथे बदली मागितली, मला बाहेर बसवलं. म्हणाले, “तुला पास द्यायला ठेवलंय का?” उरलेली मॅच बेंचवर. आयडी तिथूनच आला.

खडूस काका

सरांचंही काही अंशी बरोबर होतं. न बघता पास टाकू नये.

बेंचवरची

काका, तुम्ही शिट्टी वाजवून दमला नाहीत का अजून?

मक्याचं कणीस

थंडीताई, राग मानू नका. आमच्या इथेही क्लबच्या मॅचना असे पालक बसतात. प्रत्येक आईला वाटतं आपली मुलगी पॉइंट गार्ड आहे आणि कोच आंधळा आहे. सहा फूट मुलगी रिंगखाली उभी करायची नाही तर काय तिकिटं फाडायला बसवायची? मुलीला मिनिटं मिळत नाहीत याचा राग वेगळा, आणि पोस्टमधल्यांना पास येतो की नाही हा प्रश्न वेगळा.

मिनेसोटाची थंडी

मिनिटं? माझी मुलगी प्रत्येक मॅचची प्रत्येक मिनिट खेळते, साहेब. तक्रार तिच्या खेळण्याची नाही, न शिकवण्याची आहे. पूर्ण वाचायचे कष्ट घेतले असते तर कळलं असतं. आणि “प्रत्येक आईला वाटतं” हे काय? सकाळी पाच वाजता उणे वीस तापमानात गाडीवरचा बर्फ खरवडून मुलीला प्रॅक्टिसला मी सोडते. तुम्ही सोफ्यावर बसून विहिरी मोजा.

पाव_किलो

दाणे संपले. पोहे टाकतोय.

शब्दवेल्हाळ

‘मॅचची प्रत्येक मिनिट’ नव्हे, ‘मॅचचं प्रत्येक मिनिट’. शिवाय ‘पोस्ट’ला मराठीत ‘खांब’ का म्हणू नये? ‘उच्च खांब’, ‘नीच खांब’.

बेंचवरची

नीच खांब!!! धन्यवाद, आज हसून घेतलं. आता विषयावर या.

मक्याचं कणीस

ठीक आहे, सोफ्याचं मान्य. आईंबद्दलचं वाक्य मागे घेतो. मुद्दा मात्र घेत नाही.

साउथ कॅरोलिनाच्या अलीया बॉस्टनचं नाव अजून कोणी कसं काढलं नाही? कॉलेजातल्या पहिल्याच मॅचमध्ये ट्रिपल-डबल (तीन प्रकारांत दहा किंवा जास्त), असं मागे इथेच कोणीतरी मोठ्या कौतुकाने लिहिलं होतं. तो पॉइंट, रिबाउंड आणि *ब्लॉक* यांचा होता. असिस्ट नव्हेत.

बेंचवरची

हे मान्य. ब्लॉकच होते. एक-शून्य तुमच्या बाजूने, काढा फोटो.

पण बॉस्टनचं नाव तुम्ही काढलंत ते बरं झालं. २०२३चा सेमीफायनल तर तुमच्याच आयोवाचा, साउथ कॅरोलिनाविरुद्ध. ३६-० असा आलेला संघ ७७-७३ने हरला. का? तुमच्या मुलींनी बाहेरच्यांना सरळ मोकळं सोडलं आणि सगळ्या डीमध्ये बॉस्टनभोवती गोळा झाल्या. क्लार्कने तर त्यांच्या रेव्हन जॉन्सनला लांबूनच हात झटकून दाखवला, मार हवं तर! साउथ कॅरोलिनाचे थ्री २०त ४. आता बॉस्टनने पास द्यायचा कुणाला? दिला तरी समोरची मारायला कचरते किंवा मारून चुकवते, आणि असिस्ट लागतो बॉल आत गेला तरच. पास उत्तम असला तरी कागदावर शून्य.

अजून एक. डब्ल्यूएनबीएमध्ये (मुलींच्या व्यावसायिक लीगमध्ये) बचावाच्या तीन सेकंदांचा नियम आहे, कॉलेजात नाही. म्हणजे कॉलेजात डिफेंडरने डीमध्ये तळ ठोकून बसलं तरी चालतं, पाट मांडून. त्या गर्दीतून पास काढायचा, वय वर्षं एकोणीस.

खडूस काका

हा मुद्दा बरोबर आहे. आणि पासच्या आधीच्या पासचं काय? पोस्टमधून बॉल कोपऱ्यात, कोपऱ्यातून वर, तिथून थ्री. असिस्ट कोपऱ्यातलीचा. बचाव फोडला कुणी? पोस्टमधलीने. आइस हॉकीत असा दुसरा असिस्टही मोजतात. इथे नाही. मी हे कितीदा तरी लिहिलंय.

पाव_किलो

काका, खरंच कितीदा तरी लिहिलंय.

मक्याचं कणीस

त्या मॅचबद्दल मी आयोवाविरुद्ध काहीही ऐकून घेणार नाही, ती आमच्या घरी देवघरात लावायची बाकी आहे. पण ठीक. चार हात अंगावर आणि बाहेर कोणी मारणारी नाही, तर पास देऊन उपयोग नाही हे मान्य. पुढच्याच वर्षी त्याच साउथ कॅरोलिनाने आम्हाला ८७-७५ने धुतलं, तेव्हा जॉन्सनला मोकळं सोडायची हिंमत आमची नव्हती. पण त्या फायनलला त्यांच्या कमिला कार्दोसोने काय केलं? १७ रिबाउंड घेतले आणि रिंगखाली गोळा करून मारलं. पास-बीस काही नाही. ट्रॉफी मिळाली ना?

म्हणजे वाक्य असं सुधारतो: “काही विहिरींना रहाट आहे.” याहून जास्त मिळणार नाही.

बेंचवरची

लेखी दिलंत, पुष्कळ झालं. जेसिका शेपर्डच्या जुन्या क्लिप बघा वेळ मिळाला तर. नोत्र दाम, २०१८. रहाट नाही, मोटार बसवलेली आहे.

मिनेसोटाची थंडी

ताजी बातमी. वर येवढं लिहून झाल्यावर कोचला ईमेल केली होती, नेमस्तपणे. आज त्याने लेकीला पहिल्यांदा हाय पोस्टवर उभी केली. पहिलाच बॉल आला, तिने हनुवटीखाली धरला (बेंचवरची ताई, तुमचा परिच्छेद मी तिला इंग्रजीत वाचून दाखवला होता), खांद्यावरून बघितलं, गार्ड बॅकडोर कट मारत होती (डिफेंडरच्या पाठीमागून रिंगकडे), हिने बरोब्बर तिच्या पुढ्यात बाउन्स टाकला.

गार्डचं लक्षच नव्हतं. बॉल तिच्या गुडघ्यावर आपटून बाहेर. असिस्टंटने वहीत टर्नओव्हर लिहिला, माझ्या लेकीच्या नावावर.

खडूस काका

मी काय सांगत होतो?

मक्याचं कणीस

काका, गप्प बसा. ताई, पास चांगला होता.

शब्दवेल्हाळ

‘येवढं’ नव्हे, ‘एवढं’.