दर एक केला म्हणून कर सोपा होत नाही

रामबागकर:
काल इथे एकाने लिहिलं की जीएसटी मोडीत काढा, मीठ असो की मोटार, सगळ्यावर सरसकट 10 टक्के लावा, रिटर्न एका पानाचं करा. खाली नुसता वाहवा. मला राहवलं नाही. माझं इंदूरला शेव-नमकीनचं दुकान आहे, हे सगळं दर महिन्याला मी भरतो. दर किती, हा माझा त्रास नाहीच. तेलवाल्याला मी करासकट पैसे मोजले, त्याने जीएसटीआर-1, म्हणजे आपल्या विक्रीचं रिटर्न, भरलाच नाही. त्यामुळे पोर्टलवरच्या माझ्या 2बी या खरेदीच्या तक्त्यात रक्कम दिसेना, क्रेडिट म्हणजे खरेदीत भरलेल्या कराची वजावट मिळेना. ऐन दिवाळीत 18,000 रुपये दुसऱ्यांदा खिशातून गेले. दर 10 झाला की हे थांबणार आहे का? शिवाय खुली डाळ, गहू, दूध आज शून्यावर आहे. मजुराच्या ताटावर 10 टक्के लावायचे?

स्नेहलतागंज:
ती पोस्ट माझीच. काका, तुमचीच शेव घ्या. आधी खुली 5 टक्के, पुड्यात बांधून लेबल लावलं की 12. कढई तीच, बेसन तेच! पोळी 5 आणि पराठा 18, यावर लोक वर्षानुवर्षं भांडले. 22 सप्टेंबर 2025 पासून पुडीची शेवही 5 वर आली, पोळी-पराठा शून्यावर. तुमचं निम्मं डोकं हलकं झालं की नाही, खरं सांगा. आणि एवढाच जाच असेल तर कंपोझिशन, ती छोट्या दुकानदारांची सोपी योजना, घ्या. दीड कोटीच्या उलाढालीपर्यंत 1 टक्का, तिमाही भरणा.

रामबागकर:
कंपोझिशनमध्ये राज्याबाहेर माल विकता येत नाही. माझी शेव पुण्याला जाते.

मल्हारगंजचा ट्रकवाला:
2017 च्या आधीचं कोणाला आठवत नाही का? मध्यप्रदेशात 1976 साली जकात गेली, तर तिच्या जागी प्रवेश कर आला. वर माल राज्यात आणायला फॉर्म 49. सीमेवरच्या एका नाक्यावर त्या एका कागदापायी माझी गाडी दीड दिवस उभी होती. इकडे वडील दवाखान्यात. मी पोचलो तेव्हा ते बोलत नव्हते. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला, कराचे नाके उठले, त्या दिवशी मी गाडीला हार घातला होता. जीएसटी मोडा म्हणणाऱ्यांनी आधी एक रात्र नाक्यावर काढायला हवी होती.

जेलरोडची ताई:
दादा, वडिलांचं वाचून वाईट वाटलं. पण नाका गेला आणि ई-वे बिल आलं, माल नेताना पोर्टलवर काढायचा मुदतीचा परवाना. माझ्या मिस्टरांचा ट्रक महाराष्ट्राच्या सीमेजवळ बिजासन घाटात बंद पडला, बिलाची मुदत संपली, पुढे तपासणीत गाडी अडवली. कराच्या दुप्पट दंड! माल चोरीचा नव्हता, कर भरलेला होता.

स्नेहलतागंज:
200 किलोमीटरला एक दिवस मिळतो. मुदत संपायच्या 8 तास आधी किंवा नंतर वाढवता येते. नियम वाचायचे नाहीत आणि मग ओरडायचं.

जेलरोडची ताई:
घाटात मोबाइलला रेंज नसते. ड्रायव्हर तुटलेला ॲक्सल बघेल की पोर्टल? तुम्ही कधी ट्रकमध्ये बसलात?

मल्हारगंजचा ट्रकवाला:
ताईंचं बरोबर आहे. तरी दीड दिवस नाही लागत आता. मी रोज गाडी पाठवतो म्हणून सांगतो.

जेलरोडची ताई:
तुमची अडली नाही म्हणून. दंडाचे पैसे मी माझी एफडी मोडून भरलेत.

स्नेहलतागंज:
ठीक आहे, घाटाचं मला माहीत नव्हतं. बोललो ते जरा जास्तच झालं. धान्य-दूध शून्यावर ठेवा, तेवढं सोडतो. बाकी सगळ्याला एकच दर हवा, त्यावरून मी हलणार नाही. आज मुख्य दर 5, 18, 40 आहेत. उद्या कोणीतरी पुन्हा चौथा घुसवेल.

रामबागकर:
पुडी आणि खुली एका दरात आल्यापासून बिल करणं सुटसुटीत झालं, हे कबूल. पण माझ्या प्रश्नाला कोणी हात लावला नाही. कर मी तेलवाल्याच्या हातात दिला, पक्कं बिल माझ्याकडे आहे, पैसे बँकेतून गेलेत. मग वसुली त्याच्याकडून करा, माझं क्रेडिट का अडवता? नवा कर आणा नाहीतर जुना ठेवा, आधी ही एक अट काढा. त्याने अजून रिटर्न भरलेलं नाही, आणि या 20 तारखेला मला पुन्हा 3बी, म्हणजे महिन्याचा कर भरायचं रिटर्न, भरायचं आहे.