नॅव्हिगेट: वाट काढणे, हाकारणे की आणखी काही?

आडवाट: एका पुस्तिकेचा अनुवाद करतेय. एका प्रकरणाचं नाव ‘नॅव्हिगेटिंग ग्रीफ’. मी लिहिलं, ‘दुःखातून वाट काढताना’. संपादकांचा शेरा आला: ‘वाट काढली म्हणजे माणूस बाहेर पडला. मुळात तसं आश्वासन नाही.’ त्यांनी सुचवलंय ‘दुःखातील मार्गक्रमण’. हे वाचून मला पदयात्रा दिसायला लागली. काय करू?

तळटीप: शेरा बरोबर आहे, पर्याय चूक. मार्गक्रमण म्हणजे नुसतं चालणं; पायाखालची वाट असली तरी ते करता येतं. नॅव्हिगेटमध्ये आपण आत्ता कुठे आहोत, तोंड कुठे आहे, पुढे कुठे वळायचं, हे सतत ठरवणं येतं. पोचू की नाही, ते त्यात नाही.

जुनी वही: शब्द फोडून बघा. लॅटिन ‘नाविस’ म्हणजे जहाज, ‘आगेरे’ म्हणजे हाकणे. पहिला आपल्या ‘नौ’चा भाऊबंद, दुसरा संस्कृत ‘अज्’ धातूचा. आणि मराठीत गलबत काय करतात? हाकारतात! शब्द घरातच होता की.

तळटीप: ‘दुःख हाकारताना’? वाचक शीड शोधत बसेल.

शब्दनिष्ठ: नौकानयन, मार्गनिर्देशन असे शब्द असताना ही धडपड कशाला? सावरकरांनी ‘दिग्दर्शक’ सुचवला, तो आज कुणाला खटकतो का? वापरलं की रुळतं.

मधलं घर: नौकानयन म्हटलं की मला वल्ही दिसतात आणि मार्गनिर्देशन म्हटलं की पाटी. राहता राहिली शुद्धता, तर ‘सुकाणू’ अरबी ‘सुक्कान’वरून आलाय. समुद्रावरचे शब्द सोवळ्यात ठेवायचे म्हटलं तर जहाज बंदरातच राहील.

शब्दनिष्ठ: सुकाणू रुळलाय. नॅव्हिगेट अजून उपराच आहे.

मधलं घर: म्हणजे आधी आला तो पाहुणा, नंतर आला तो घुसखोर!
आमच्या गाडीत भाऊ म्हणतो, ‘तू नॅव्हिगेट कर, मी चालवतो.’ मागून आई: ‘अरे, रस्ता सांग म्हण की!’ मला वाटतं, खरी मराठी ही. आपण एक क्रियापद सगळीकडे नेत नाही. गाडीत रस्ता सांगतो, गर्दीतून वाट काढतो, वेबसाइटवर इकडून तिकडे जातो आणि नातेवाइकांत सांभाळून घेतो.

आडवाट: ‘दुःखात सांभाळून घेताना’ नाही हो चालणार. ‘दुःखात वाट शोधताना’?

तळटीप: चालेल. ‘तून’ गेलं हे उत्तम. त्या एका प्रत्ययानेच तुमचा माणूस बाहेर पडत होता.

शब्दनिष्ठ: शोधताना म्हटलं की तो हरवलेला वाटतो.

आडवाट: असतोच ना पण! चकवा लागल्यासारखा.

जुनी वही: चकव्यावरून आठवलं, ‘ओरिएंट’ म्हणजे मुळात उगवतीकडे तोंड करणं. आपलंही तेच. पूर्वेकडे तोंड केलं की उजव्या हाताला दक्षिण, म्हणून ‘दक्षिण’चा अर्थ उजवासुद्धा.

मधलं घर: मग उत्तर म्हणजे डावी का नाही?

जुनी वही: ‘उत्तर’ म्हणजे वरची. ती भानगड वेगळी आहे.

आडवाट: प्रकरण उद्या द्यायचंय.

जुनी वही: हो हो. पण प्रदक्षिणेतसुद्धा तोच ‘दक्षिण’ बरं का, देव उजव्या हाताला ठेवून…